झडपेच्या रुग्णाचा उरःशूल

बिरसीस विमानतळ आहे. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र येथील रुग्णास बहुधा नागपूर गाठावे लागते, गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तत्पूर्वी तो येतो आपल्याकडे, नाहीतर औषधी दुकानात.

उरःशूल, श्वास, शोथ दिसताच हृद्रोग म्हणावे आणि अर्जुनक्षीरपाक, प्रभाकर वटी सुरू करावी, अशी आपली रीत झाली आहे. परंतु महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्धाचा उरःशूल फसवा असतो. अरुंद वाटेने रक्त ढकलताना हृदयाचा स्नायू जाड होतो, त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि हृद्धमन्या स्वच्छ असूनही छाती दुखते. पुष्कळ वृद्धांत तर झडप आणि हृद्धमन्या, दोन्ही एकदमच बिघडलेल्या आढळतात. नाडीपरीक्षेने हा भेद ठरवता येतो, असा दावा कृपया कोणी करू नये. छातीवर नळी लावून मर्मर ऐकू आला, की इकोसाठी पाठवावे.

झडप बदलण्यापूर्वी ४० वर्षांवरील पुरुषांची व रजोनिवृत्त स्त्रियांची हृद्धमनी-तपासणी सर्वसाधारणपणे केली जाते, ती याचसाठी. मोठ्या धमनीत ७० टक्के वा अधिक अवरोध असल्यास त्याच शस्त्रक्रियेत बायपासही उरकता येते; छाती दुसऱ्यांदा उघडावी लागत नाही. मांडीच्या धमनीतून झडप बसविताना प्रश्न अधिक नाजूक होतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोशन-३’ या अभ्यासात स्टेंट घातलेल्या रुग्णांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा तातडीचा धमनी-उपचार यांचे प्रमाण ३६ वरून २६ टक्क्यांवर आले. रक्तस्राव मात्र २० वरून २८ टक्क्यांवर गेला. हृद्रोगतज्ज्ञांनाही जेथे असा तराजू धरावा लागतो, तेथे ‘ब्लॉकेज विरघळविणाऱ्या’ काढ्याच्या भरवशावर रुग्णाचे सहा महिने घालविणे मला अक्षम्य वाटते. खर्चाची सबबही आता पूर्वीइतकी खरी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे.

दुकानदार बंधूंनाही दोन शब्द. झडप फार अरुंद असलेल्यास जिभेखालची सॉर्बिट्रेट परस्पर देऊ नये. रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. तीव्र विरेचनाचेही तेच भय.

शस्त्रक्रियेनंतर धातूची झडप असलेल्यास वॉरफेरिन वा असिनोकुमेरॉल आजन्म घ्यावे लागते. हृद्धमनीविकार असल्यास पुष्कळदा त्यात अ‍ॅस्पिरिनची भर पडते. अशा रुग्णाच्या हाती लसणाच्या गोळ्या, गुग्गुळकल्प वा हळदीचा अर्क सहज ठेवणे म्हणजे रक्तस्रावास निमंत्रण. उलट, ‘आता आयुर्वेद चालू केला’ म्हणून ती गोळी बंद करविणे त्याहून घातक. झडपेवर गुठळी धरते आणि पक्षाघात होतो. दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या आयएनआरच्या कागदांसोबत लावून द्यावी, आणि नवे औषध सुरू करण्यापूर्वी त्याच्या शल्यचिकित्सकास फोन करावा.