खुब्याचा सांधा, दावा आणि स्टिकर : अन्न व औषध आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

शरीरात बसवलेले उपकरण सदोष निघाले तर दावा करावा की नाही, हे रुग्णाच्या संतापापेक्षा त्याच्याजवळच्या कागदांवर ठरते. 'डीप्यू एएसआर' या कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात हे देशाने पाहिले. या सांध्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात मिसळत. ऑगस्ट 2010 मध्ये उत्पादक कंपनीने तो जगभरातून परत मागवला. पुढे याच प्रशासनाने मुंबईत गुन्हा नोंदवला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या, कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंद झाली जेमतेम 1,080 रुग्णांची. 2018 मध्ये केंद्राने 30 लाख ते 1.23 कोटी रुपये भरपाई ठरवली. मे 2019 मध्ये कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात 67 रुग्णांना प्रत्येकी 25 लाख द्यायला तयार झाली. बाकीचे बहुतेक कुठल्याच यादीत नव्हते.

करमाडसारख्या गावातल्या रुग्णाला आज कायदा तसा जवळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते.

खरी अडचण दोष कोणाचा, ही. सांधा जंतुसंसर्गाने, चुकीच्या कोनात बसवल्याने किंवा मुळातच सदोष असल्याने सैल होऊ शकतो. पहिल्या दोन कारणांत उत्पादकावरचा दावा टिकणे कठीण. धोक्याची सूचना दिलीच नाही, असा आरोप केला तर कंपनी ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 87 पुढे करते : डॉक्टरांना सूचना दिली होती, एवढे तिला पुरते. दोष सिद्ध करायला बॅच क्रमांक, एक्स-रे, रक्ततपासणी आणि काढलेला सांधाच हवा. तो सांधा कंपनीच्या प्रतिनिधीच्या हाती गेला, की पुरावा प्रतिपक्षाकडे जातो. पाच वर्षांनी डिस्चार्ज कार्डावर नुसते 'खुबा बदलला' एवढेच सापडले, तर चांगला वकीलही हात टेकतो.

म्हणून प्रशासनाने तीन गोष्टी कराव्यात : इम्प्लांटचे बॅच क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावले जाते का हे तपासावे, परत मागवलेल्या उपकरणांची यादी मराठीत तालुक्यापर्यंत पोहोचवावी, आणि काढलेला सांधा रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय कंपनीला देऊ नये, असे रुग्णालयांना कळवावे.