पाड्यावरचं मरण कोण मोजतो?

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर. सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यांत आत्महत्या रोखायला काय केलं, असं विचारलं की शिबिरांचे हजेरीपट पुढे येतात. जोडीला एक ठाम वाक्यही येतं: आदिवासींत हे प्रमाण मुळात कमीच.

कमी आहे हे ठरवलं कशावरून? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक आत्महत्या-अहवालात व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न यांचे तक्ते असतात. अनुसूचित जमातींचा तक्ता नसतो. जिल्ह्यात चर्चा होते ती शेतकरी आत्महत्येची, तीही एक लाखाच्या मदतीला प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' एवढ्यापुरती. तिथे सातबारा लागतो, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज लागतं. 2006च्या वनहक्क कायद्याखालचा दावा अडकून पडलेल्या पावरा आदिवासी कुटुंबाने हे कुठून आणायचं? त्याची उधारी दुकानदाराकडे, तीही तोंडी. म्हणजे आधी मोजायचं नाही आणि मग कमी घडतं म्हणायचं. हे मला मान्य नाही.

पाड्यावर कुणी जीव दिला की दारूचं कारण पुढे केलं जातं. ते खोटं नाही, पण ते सांगितलं म्हणजे चौकशी संपली असं होत नाही.

आता शिबिरांकडे येऊ. ती किती झाली यावरून जीव वाचले का, हे कळत नाही. श्रीलंकेत कीटकनाशक कुलपात ठेवायला घरोघर पेट्या दिल्या आणि 180 गावांत तुलना करून पाहिली. 2017 साली निष्कर्ष आला: विष घेण्याचं प्रमाण घटल्याचं दिसत नाही. पेट्या किती वाटल्या एवढंच मोजलं असतं, तर हीच योजना यशस्वी ठरली असती. त्याच देशात जहाल औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली गेलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने वेगळा प्रश्न विचारला: नैराश्य असलेल्यांपैकी किती जण मदतीपर्यंत पोहोचले? दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्के. तुलनेला वेगळी गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी मोजणी माणसांची झाली, सभांची नाही.

पाड्यावर मोजण्यासारखं बरंच आहे. फवारणीच्या हंगामात औषधाची बाटली झोपडीच्या वळचणीला खोचलेली असते. ती तिथून हलली का? विष घेतलेली बाई सिव्हिलमधून वाचून घरी येते. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढे मोठा धोका असतो. मग पहिल्या महिन्यात तिच्याकडे कोण गेलं, किती वेळा, आणि तिच्या पावरी बोलीत बोललं का? टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक घरोघर माहीत हवाच. पण जिला मराठी तोडकीमोडकी येते, तिने जिवावरचं दुःख फोनवर कोणत्या बोलीत सांगायचं?

यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि जिल्हा रुग्णालयांनी नोंदवहीत जमात, बोली आणि घरी सोडल्यानंतरच्या भेटी असे रकाने घालावेत. नावं वगळून तो हिशोब ग्रामसभेत वाचावा. तालुक्याचा आकडा एका वर्षी दोनाने उतरला म्हणून पाठ थोपटून घेऊ नये. पाच-सात वर्षांचे आकडे लागतील. तोवर शिबिरांच्या मंडपाचा खर्च आशाताईंच्या पाड्यावरच्या फेऱ्यांना द्यावा.