बॅकअप घ्या, पण आवरतं घ्या!

कॉलेज फेस्टची वेबसाइट असो की फायनल इयरचा प्रोजेक्ट, सर्व्हर भाड्याने घेतला की ग्रुपमधलं कुणीतरी रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लावून टाकतं. झालं, सगळे निवांत! पण जुन्या फायली काढायच्या कधी, हे त्या स्क्रिप्टला कुणी सांगतच नाही.

हिशेब सोपा आहे. डिस्कवर ३० जीबी जागा मोकळी आणि रोजचा बॅकअप १ जीबीचा, म्हणजे महिन्याभरात डिस्क फुल्ल. मग डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही, रजिस्ट्रेशनचे फॉर्म अडकतात आणि त्या रात्रीचा बॅकअपही अर्धवट राहतो. ज्याने वाचवायचं, त्यानेच बुडवलं!

जागा संपण्याचा फटका मोठमोठ्यांनाही बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने थांबले. कारण सायबर हल्ला नव्हे. देखभालीच्या कामात सर्व्हरची डिस्क अपुरी पडली. पर्यायी सर्व्हरही त्याच सिस्टिमवर होते, त्यामुळे तेही कामी आले नाहीत.

‘मोठी डिस्क घ्या की, स्टोरेज स्वस्त झालंय,’ असं कुणी म्हणेल. पण त्याने मरण फक्त पुढे ढकललं जातं. माझं म्हणणं एवढंच, की किती प्रती ठेवायच्या हे ठरवल्याशिवाय बॅकअप सुरूच करू नये. शेवटच्या ७ दिवसांची रोज एक, ४ आठवड्यांची दर आठवड्याला एक आणि ६ महिन्यांची दर महिन्याला एक. झाल्या १७ प्रती, म्हणजे १७ जीबी. कालची चूक निस्तरायला रोजची प्रत, उशिरा लक्षात आलेल्या गडबडीला महिन्याची.

मात्र ‘सात दिवसांपूर्वीचं सगळं उडव’ एवढीच कमांड देऊन मोकळं होणंही धोक्याचं. बॅकअप दहा दिवस फेल जात असेल, तर तीच कमांड शेवटची चांगली प्रतही पुसून टाकेल. म्हणून आधी जागा तपासा, नवी प्रत नीट झाल्याची खात्री करा, मगच जुनी काढा. डिस्क ८० टक्के भरली की मेल येईल अशी सोय करा. आणि एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवाच. डिस्कच गेली तर तिच्यावरच्या १७ प्रती काय कामाच्या?

सबमिशनच्या आदल्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा आजच सर्व्हरवर ‘डीएफ’ कमांड मारा आणि किती जागा उरलीय ते बघा.