आज्ञाधारक पोराचं कौतुक पुरे

कोपरीत उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवशी पालक पोराला पुढे ढकलतात आणि हमखास म्हणतात, "सर, फार ऐकतो हो. सांगाल ते करेल." पूर्वी मला बरं वाटायचं. आता धडकी भरते.

असाच एक 'ऐकणारा' माझ्याकडे होता. चौदा वर्षांचा, वेगवान गोलंदाज. आणखी दोन षटकं टाक म्हटलं की टाकायचा. पाठ दुखतेय हे त्यानं महिनाभर सांगितलं नाही. मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तेव्हा म्हणाला, "तुम्ही थांब म्हणाला नव्हतात, सर." त्याची गोलंदाजी तिथंच संपली. दोष त्याचा नाही, माझा. शिस्तीच्या नावाखाली मी त्याची वाचाच काढून घेतली होती.

हे बोललं की लोक रमाकांत आचरेकर सरांचा दाखला देतात. त्यांचा धाक, त्यांची थप्पड. ठीक आहे, मग गोष्ट पुरती सांगू. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची उपान्त्य लढत. शारदाश्रमचे सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. डाव घोषित करा म्हणून सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडत होते आणि हे दोघे तिकडे बघायलाच तयार नव्हते! अखेर जेवणाच्या सुट्टीत फोनवर खुद्द सरांनी सांगितलं. कांबळीला एकच धाव हवी होती. मिळाली नाही. डाव घोषित झाला.

नुसते आज्ञाधारक असते, तर ६६४ झाल्याच नसत्या. नुसते उद्धट असते, तर ३४९चे ३५० झाले असते. शिकवता येण्याजोगं पोर या दोहोंच्या मधे सापडतं. त्याला स्वतःची भूक असते, आणि कुणाचा शब्द अखेरचा मानायचा हेही कळतं. पहिली गोष्ट नसेल तर दुसरीला किंमत नाही. मान तर नंदीबैलही डोलावतो.

आम्हा प्रशिक्षकांना नंदीबैल सोयीचे पडतात, हे कबूल करू या. चाळीस पोरं, एक मैदान, दोन तास. "का?" विचारणारा वेळ खातो. पण वीस वर्षांनी ठाणे स्टेशनच्या पूर्वेला कुणी हाक मारली, की नाव आठवतं ते त्याचंच. रांगेत गुपचूप उभे राहिलेले चेहरे आठवत नाहीत.

तो गोलंदाज मात्र आठवतो. म्हणून हल्ली सराव संपला की मी प्रत्येकाला विचारतो, "कुठं दुखतंय?" सगळेच "नाही" म्हणाले, तर पुन्हा विचारतो.