गाळणींत अडकलेला पाऊस

अहिल्यानगर जिल्ह्याच्या एका टोकास, अकोले तालुक्यांत, घाटघरचा पाऊस माणसास घराबाहेर पडूं देत नाहीं. दुसऱ्या टोकास कर्जतकर एकेका ढगाची वाट पाहात असतात. कापून पसरलेला उडीद झांकावा कीं नाहीं, हें ठरवितांना घरांतील तरुण मंडळी हल्लीं मोबाइलवर रडारचें चित्र उघडतात आणि वडिलांस सांगतात, "चित्र कोरें आहे, पाऊस नाहीं." या कोरेपणाची हकीकत वाचकांस ठाऊक असणें इष्ट आहे.

रडार रेडिओलहरींचे स्पंद सोडतें व त्यांचा प्रतिध्वनि टिपतें. परंतु थेंबाप्रमाणें डोंगरहि प्रतिध्वनि देतो, आणि तो पुष्कळदां पावसाहून जबरदस्त असतो. सह्याद्रीकडे तोंड केलेल्या रडारास १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई म्हणजे जागचा न हलणारा वळीवच वाटावयाचा! यावर तोड अशी कीं, डोंगर हलत नाहीं, थेंब हलतो. म्हणून रडारमागील गणकयंत्रांत एक गाळणी योजितात. जें रडारकडे येत नाहीं व दूरहि जात नाहीं, तें ती काढून टाकते.

मेख येथेंच आहे. रडारास जवळ येण्याची वा दूर जाण्याची गति कळते. आडवी गति कळत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर भागांत मेघबीजनाचे प्रयोग केले. त्या शहरीं रडार उभें आहे असें समजून नकाशा पाहावा. नगरचें कर्जत तेथून वायव्येस, सुमारें १३५ किलोमीटरांवर. नैर्ऋत्येचा वारा त्या रेषेस अगदीं काटकोनांत वाहतो. अशा वेळीं कर्जतावरचा धांवता पाऊस यंत्रास उभाच भासेल, आणि गाळणी सर्वत्र सारखी लावली असेल तर तो डोंगराबरोबर पुसला जाईल.

स्पंदांची संख्या ठरवितांनाहि असाच पेंच पडतो. लहर ५ सेंटिमीटरांची असून सेकंदास १००० स्पंद सोडले, तर दृष्टि १५० किलोमीटर पोंचते आणि सेकंदास १२.५ मीटरपर्यंतचा वेग निःसंदिग्ध कळतो. स्पंद ५०० केले कीं दृष्टि ३०० किलोमीटर होते, पण वेगाची मर्यादा ६.२५ वर येते. शिवाय ताशी ४५ किलोमीटर वेगानें सरळ अंगावर येणारा पाऊसहि स्थिर दिसूं लागतो! म्हणून दोन निरनिराळ्या गतींनीं आलटून पालटून स्पंद सोडतात.

नव्या गाळण्या अधिक समंजस आहेत. डोंगराचा प्रतिध्वनि शून्य वेगाशीं टोंकदार असतो, पावसाचा पसरट. टोंक छाटून उरलेल्या पसाऱ्यावरून त्या मधली खांच भरून काढतात. तरी आमच्या मतें गाळणी सरसकट लावूं नये. निरभ्र दिवशीं डोंगरांचा नकाशा करून ठेवावा व तेवढ्याच जागीं ती चालवावी. गाळण्यापूर्वीचें व नंतरचें, दोन्ही मोजमापें जपण्याची सोय या यंत्रांत असते. एका दिशेचें चित्र पांढरें पडलें असतां तीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर पाऊस खरोखर नव्हता कीं गाळणींत राहिला, हें लगेच उमजतें.