पेरणं सोपं, पुढचं काय?

क्विनोआचं नाव आता मॉलमधून हॉस्टेलपर्यंत येऊन पोचलंय. जिमला जाणारी मंडळी तर त्याचं गुणगान करताना थकत नाहीत. मग कोणीतरी म्हणतंच, "एवढं महाग विकलं जातं, तर आपल्या शेतकऱ्यांनी का नाही लावायचं?" प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते घोडं पेरणीत अडत नाही, काढणीनंतर अडतं. आणि तिथे काम आपलं आहे, म्हणजे इंजिनिअरांचं!

आधी लागवडीचं बघू. क्विनोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. टिटिकाका सरोवराच्या परिसरात, जवळजवळ ३८०० मीटर उंचीवर तो हजारो वर्षं पिकतोय. आपल्या चाकवताचाच हा भाऊबंद. आपल्याकडे तो रब्बीत घ्यावा. बी जेमतेम दोन मिलिमीटरचं, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. रोपं दाट झाली तर विरळणी करायची. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते. पाणी बेताचं लागतं, मात्र मुळाशी साचलेलं अजिबात चालत नाही. फुलोऱ्यात पारा पस्तिशीच्या वर गेला तर दाणे कमी भरतात. आणि कणसं पिकल्यावर पाऊस आला तर दाण्याला उभ्या झाडावरच कोंब फुटतात. एवढं सांभाळलं की पीक हाती येतं.

खरी गंमत इथून पुढे. दाण्याच्या सालीत सॅपोनिन असतं. ते कडू असल्याने पाखरं पिकाला फारशी शिवत नाहीत, पण माणसालाही तसाच दाणा खाववत नाही. बोलिव्हियात पूर्वी दगडी खळग्यात दाणे पायांनी तुडवून, पाखडून, धुऊन हा कडूपणा काढत. अंग मोडून टाकणारं काम! नंतर तिथे यंत्रं आली.

आता बघा यातले पेच. दाणा जास्त घासला तर कडेचा अंकुर जातो आणि त्याबरोबर प्रोटीनही जातं. धुतला तर लगेच वाळवावा लागतो, नाहीतर दिवसभरात मोड येतात. धुतलेलं फेसाळ पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. म्हणजे मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल, सगळ्यांना पुरेल एवढं काम आहे. कडूपणा मोजायची साधी रीतसुद्धा आहे: दाणे पाण्यात घालून हलवायचे आणि फेसाची उंची बघायची. इन्स्ट्रुमेंटेशनवाले ऐकताय ना?

भावाचंही थोडं. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआ वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हा भाव गगनाला भिडले होते. मग अनेक देशांत लागवड वाढली आणि २०१५ पर्यंत भाव धाडकन खाली आले. अँडीजमधल्या छोट्या शेतकऱ्यालाच त्याचा फटका बसला. भाव ऐकून लावणारा आपला कोरडवाहू शेतकरी यातून सुटेल असं मला वाटत नाही. निदान गावातच दाणा साफ करणारं स्वस्त यंत्र असेल तर कच्चा माल मिळेल त्या भावाला विकायची वेळ त्याच्यावर येणार नाही, आणि घरात खाताही येईल.

म्हणून सांगतो, शेतकऱ्याला 'क्विनोआ लाव' असा सल्ला देण्याआधी 'साफ कुठे करणार?' हे विचारा. आणि लास्ट इयरच्या मित्रांनो, रेषेवरून पळणारा रोबो दरवर्षी होतोच आहे. यंदा एखाद्या ग्रुपने हे यंत्र करून बघा की!