जीभ टोंचून घ्यावी काय ?

अलीकडे तरुण मंडळींत जीभ टोंचून तींत धातूची लहानशी दांडी घालण्याची हौस दिसूं लागली आहे. युरोप-अमेरिकेंत ही चाल गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फैलावली आणि चित्रपटांच्या व मोबाईलच्या पडद्यावरून ती आपल्या घरापर्यंत येऊन पोंचली. हा विषय घरांत निघाला म्हणजे दोन ठराविक वाक्यें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, "हे परक्यांचे थेर आपल्याकडे नकोत." मुलें म्हणतात, "आजीचें नाक टोंचलेलें चालतें, मग आमची जीभ कां चालूं नये ?" आमच्या मतें या दोन्ही पक्षांची बाजू लंगडी आहे, आणि तें पटण्यास आपणांस फार दूर जावयास नको. वाघूर नदीच्या नालाकृति दरींतील अजिंठ्याचीं लेणीं आपल्याच जिल्ह्यांत आहेत.

सन १८१९ मध्यें जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं, तेव्हांपासून जग त्यांतील चित्रांची वाखाणणी करीत आलें आहे. यांपैकीं बहुतेक प्रसिद्ध चित्रें पांचव्या शतकांतलीं, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं आहेत. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सहलीच्या वेळीं चित्रांतील कानांकडे अवश्य पाहा. राजा असो, राणी असो वा दासी असो, कानाची पाळी टोंचलेली आणि तींत कुंडल डुलत असलेलें असें ठिकठिकाणीं दिसेल. पुरुषहि त्यास अपवाद नाहींत. तेव्हां शरीर टोंचून अलंकार घालणें ही गोष्ट आपणांस मुळींच परकी नाहीं.

आतां त्याच स्त्रियांच्या नाकाकडे पाहा. तेथें अलंकार नाहीं. जी नथ आज मराठी नववधूच्या मुखाचें भूषण समजली जाते, ती त्या भिंतींवर शोधूनहि सांपडत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान् परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९३८ सालीं नथीच्या प्राचीनतेवर एक निबंध प्रसिद्ध केला. नाकांतील अलंकाराचे दाखले आपल्या देशांत इसवी सन १००० च्या सुमाराच्या फारसे पलीकडे नेतां येत नाहींत, असा त्याचा रोख आहे. म्हणजे आजीची नथहि एके काळीं नवीच होती. केवळ नवें म्हणून नको, हा वडील मंडळींचा मुद्दा येथें टिकत नाहीं.

परंतु म्हणून मुलांचा मुद्दा खरा ठरतो असें नाहीं. कान, नाक आणि जीभ हीं तीन स्थानें सारखीं नाहींत. आपल्या पूर्वजांनीं कान टोंचण्याचें काम किती सावधपणें केलें, हें सुश्रुतसंहितेंत पाहावें. तेथें या विधीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. मूल सहा-सात महिन्यांचें असतांना त्यास मांडीवर घेऊन, खेळणीं दाखवून रमवावें. पाळी ताणून धरून सूर्यप्रकाश जेथून आरपार दिसतो अशा पातळ जागींच सुई घालावी. मग कापसाची वात घालून तेल सोडावें, आणि दर तिसऱ्या दिवशीं किंचित् जाड वात घालावी, असें त्यांत सांगितलें आहे. रक्त फार आलें किंवा वेदना फार झाली तर जागा चुकली असें समजावें, हेंहि ग्रंथकार बजावतो. प्रकाश पाहून जागा निवडण्याचें मर्म हें कीं, तेथें मोठी शीर नसते. सोनारानेंच कान टोंचावेत, ही आपली म्हणहि जाणत्या हाताचेंच महत्त्व सांगते.

जिभेंतून मात्र सूर्यप्रकाश आरपार दिसत नाहीं. ती स्नायूंनीं भरलेली असून तिच्या खालच्या अंगास रक्तवाहिन्या व मज्जातंतु आहेत. शिवाय मुखांत असंख्य जंतूंचा नित्य वास असतो, आणि जीभ फार सुजली तर श्वासमार्गच अडूं शकतो. दांडीच्या सततच्या आघातानें दांतांचे टवके उडतात व हिरडी खालीं सरकते. ज्यांच्या हृदयाच्या झडपांत दोष आहे त्यांच्या हृदयापर्यंत जंतु जाऊन प्राणावर बेतूं शकतें. दांडी काढून टाकल्यास छिद्र पुष्कळदां बुजून जातें. पण उडालेला टवका परत येत नाहीं. आणखी एक गोष्ट. आपल्या भाषेंतील ट, ठ, ड, ण आणि विशेषतः ळ हीं अक्षरें जीभ उलटी वळवून उच्चारावीं लागतात. सुजलेल्या जिभेला तें काम जड जातें.

ज्या समाजांत पूर्वीं जीभ टोंचली जात असे, तेथें ती शोभेसाठीं टोंचीत नसत. मध्य अमेरिकेंतील माया लोकांच्या याशचिलान नगरांतील एका शिल्पांत राणी आपल्या जिभेंतून कांटेरी दोर ओढीत असलेली दाखविली आहे. तो प्रसंग इसवी सन ७०९ चा असून तें शिल्प सध्यां लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. तामिळ लोकांत मुरुगन देवाचे कांहीं भक्त नवस फेडण्यासाठीं जिभेंतून लहानसा भाला आरपार घालतात. त्या आचाराविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. आपण वेदना पत्करीत आहों, हें त्या माणसांस पुरतें ठाऊक असतें. वेदना लपवून केवळ चमक दाखविणारी आजची जाहिरात त्यांच्याइतकी प्रामाणिक नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींनीं जीभ टोंचून घेऊं नये. अठरा वर्षें पुरीं झाल्यावर, सर्व जाणून, ज्यास तें करावयाचें असेल त्यानें तें नीट करावें. हत्यारें निर्जंतुक करणाऱ्या, हातमोजे घालणाऱ्या आणि प्रत्येकासाठीं नवी सुई उघडणाऱ्या कुशल माणसाकडेच जावें. जत्रेंतील दुकान किंवा मित्राची सुई हा मार्ग नव्हे. धनुर्वात व कावीळ-ब यांच्या लसी आधींच घेतलेल्या असाव्या. पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, कारण जीभ सुजते. पहिले तीन ते पांच दिवस सूज अधिक असते. त्या काळांत बर्फाचे लहान तुकडे चघळावे. थंड दहींभात, ताक, निवविलेली पेज असें मऊ अन्न घ्यावें. ठेचा, गरम चहा, तंबाखू व मद्य वर्ज्य करावें. प्रत्येक जेवणानंतर उकळून निवविलेल्या पेलाभर पाण्यांत पाव चमचा मीठ घालून चूळ भरावी. दांत घासण्यास नवा मऊ ब्रश घ्यावा. हात धुतल्याशिवाय दांडीस स्पर्श करूं नये, आणि ती दांतांवर वाजवीत बसूं नये. कानास चालणारी कडुनिंबाची काडी किंवा हळद-तेल येथें वापरूं नये. सूज उतरल्यावर त्याच जाणत्या माणसाकडून आंखूड दांडी बसवून घ्यावी. जखम भरून येण्यास बहुधा चार ते आठ आठवडे लागतात.

थोडासा पांढुरका स्राव येणें स्वाभाविक आहे. परंतु रक्त थांबेना, ताप आला, दुर्गंधी पू दिसूं लागला किंवा कांहीं दिवसांनंतर सूज उलट वाढूं लागली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पू असतांना दांडी आपण होऊन उपसूं नये. तोंड मिटून पू आंतच कोंडतो. गिळणें किंवा श्वास घेणें कठीण वाटलें, तर घटकेचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

आतां पालकांस एक विनंति. जीभ टोंचण्यापेक्षांहि मोठें भय तें लपविण्यांत आहे. अजिंठा-फर्दापूरच्या बाजूचा मुलगा सुटींत शहरांत जाऊन जीभ टोंचून आला, आणि बापाच्या धाकानें तोंड मिटून राहिला, अशी कल्पना करा. दुसऱ्या रात्रीं सूज चढते, आणि मोठें रुग्णालय तर दूर ! त्या रात्रीं त्याला वांचविणारी गोष्ट एकच : "आई, माझें असें झालें आहे," असें म्हणण्याची त्यास वाटणारी मोकळीक. म्हणून नकार द्यावयाचा तो अवश्य द्या, पण कारण सांगून द्या. आणि दार उघडें ठेवा.

विद्यार्थ्यांस शेवटीं अजिंठ्याचीच आठवण द्यावयाची आहे. सतराव्या लेण्यांत माता व बालक यांच्यासमोर भिक्षापात्र घेऊन उभे असलेले बुद्ध आहेत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लांबलेल्या, पण रिकाम्या आहेत. राजपुत्रपणींच्या जड कुंडलांची ती खूण, असें सांगतात. कुंडलें क्षणांत उतरलीं, पण कान पूर्ववत् झाले नाहींत. हौस उतरल्यावर मागें काय उरेल, हा प्रश्न ज्यानें सुई घेण्यापूर्वीं स्वतःस विचारला, त्याचा निर्णय कोणताहि असो, तो विचाराचा ठरेल.